घाटातला पहिला फेरा

लढाई संपल्यावर लष्कराचे ट्रक लिलावात निघाले. चारही चाकांना ओढ असलेला एक मी सागवान वाहायला घेतला. दुरुस्तीला परतवाड्याचा एक मिस्त्री होता. तो भित्रा होता. तरी हात लावलेल्या प्रत्येक गाडीच्या पहिल्या फेऱ्याला सोबत यायचा, अर्धवट उघडं दार धरून, ओठांत देवाचं नाव घेत. त्याच्या शेजारी बसलं की मलाही घाम फुटायचा.

मेळघाटच्या चिखलात एकच चाक जागी फिरायचं आणि ट्रक रुतायचा. एका आसावरची दोन्ही चाकं एकदम फिरवणारं लॉक मला पुढं-मागं दोन्हीकडे हवं होतं.

"पुढं नोका लावू, भाऊ. वळनावर गाडी तुमचं आयकनार नाही."

शेवटी मिस्त्रीनं लॉक फक्त मागं बसवलं.

पहिल्या फेऱ्यात चिखलातून ट्रक सहज निघाला. त्या आनंदात मी लॉक सोडायचं विसरलो. पुढच्या निसरड्या वळणावर स्टिअरिंग पूर्ण फिरवलं, तरी ट्रक सरळ दरीकडेच सरकू लागला. मिस्त्रीला उघड्या दारातून उडी मारता आली असती. तो आत वाकला.

"रेसवरचा पाय उचला!" ओरडून त्यानं दोन्ही हातांनी लॉकचा दांडा ओढून सोडवला. चाकं वळली. दरी माझ्या बाजूनं मागे गेली.

ट्रक थांबवला, तेव्हा तो खाली उतरून ओकला.

"मिस्त्री, इतकं भेव लागते तं येता काहून?"

तोंड पुसत तो म्हणाला, "घरी बसलो तं जास्त लागते, भाऊ."