चार लॉन, एक बॅटरी

माझं पार्लर आहे, मलकापुरात. बाई खुर्चीवर बसली, गळ्याभोवती कापड बांधलं आणि मी कात्री हातात घेतली की ती आपोआप बोलायला लागते. मी विचारतसुद्धा नाही. दिवसभर केस खाली पडत राहतात आणि किस्सेही पडत राहतात. संध्याकाळी झाडायला घेतलं की कळतं, केवढा ढीग झालाय.

पण खरं सांगू? आमच्या कॉलनीचे किस्से गोळा करायला पार्लर उघडायची गरज नाही. नुसतं गेटवर उभं राहिलं तरी पुरतं. आणि त्यातले निम्मे एका मशीनचे. बॅटरीवर चालणारं, गवत कापायचं मशीन.

आमची चार घरं एका ओळीत आहेत. पहिलं कांबळे सरांचं. सर पॉलिटेक्निकला शिकवतात, आणि कुठलीही वस्तू घेतली की आधी तिचं माहितीपुस्तक वाचतात. आमच्या कॉलनीत हे एकटेच. दुसरं घर सुभेदार नानांचं. फौजेतून रिटायर झाले, पण फौज त्यांच्यातून काही रिटायर झाली नाही. तिसरं प्रकाश आणि वैशालीचं आणि चौथं आमचं. कांबळे सरांनी दारात लॉन लावली म्हणून नानांनी लावली, नानांनी लावली म्हणून आम्ही लावली, आणि मग प्रकाश एकटाच मागं राहायला नको म्हणून त्यानं लावली. प्रत्येकाची लॉन केवढी, तर दोन सतरंज्या अंथरल्या की संपली.

आधी एक माणूस पेट्रोलचं मशीन घेऊन यायचा. ते सुरू झालं की माझ्या गिऱ्हाइकाला आपल्याच मुलीच्या सासूबद्दल ओरडून सांगावं लागायचं. मग तो यायचा बंद झाला आणि चौघांनी मिळून बॅटरीचं मशीन आणलं.

* * *

पहिल्या दिवशी सगळी कॉलनी गोळा झाली. कांबळे सरांनी बॅटरी खाचेत बसवली, चावी लावली, दांडा दाबला. मशीन सुरू झालं. पण आवाज केवढा, तर घरातल्या मिक्सरपेक्षा कमी.

नाना नाराज झाले. आमच्या भागात ट्रॅक्टर घ्यायचा तरी आधी त्याचा आवाज ऐकतात.

"सर, आवाज न्हाई म्हंजे ताकद न्हाई," नाना म्हणाले. "फसवलं तुमाला."

"नाना, हेच तर चांगलंय याचं."

आमचे हे साखर कारखान्यात स्टोअर सांभाळतात, त्यामुळे सगळ्या यंत्रांतलं आपल्याला कळतं असा त्यांचा समज आहे. ते खाली वाकून म्हणाले, "इंजिन कुठं दिसंना."

तेवढ्यात प्रकाशच्या व्हरांड्यातून त्याचे वडील, तात्या, उठून आले. धोतर, टोपी, हातात काठी. नुकतेच गावाकडून राहायला आले होते. त्यांनी मशीनकडं बराच वेळ बघितलं आणि विचारलं,

"हे गवत कापतंय का गवताची समजूत घालतंय?"

* * *

बॅटरीची एक अडचण होती. एकदा चार्ज केली की दोन लॉन नीट व्हायच्या, तिसरी कशीबशी आणि चौथीचं नाव काढायचं नाही. मग नानांनी पाळ्या लावल्या. पाळी म्हटल्यावर आमच्याकडं कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पाटाच्या पाण्याची पाळी बघतच मोठे झालेत सगळे. आणि पाळी आली की पाळीतली भांडणंही आलीच.

एका रविवारी नानांची पाळी होती. त्या दिवशी त्यांच्या मुलीला बघायला सांगलीचे पाहुणे येणार होते. आणि आमचे हे सकाळी लवकर उठून गुपचूप मशीन घेऊन आले. "नुसती कडंची रेघ मारतो," म्हणाले. कडंची रेघ मारता मारता आतली पण मारली. दुसऱ्याच्या पाळीत पाटाचं पाणी हळूच आपल्या रानात वळवून घेतात ना, तसंच.

नानांची लॉन अर्ध्यावर आली आणि मशीन बंद पडलं. पाहुण्यांची गाडी वळणावर दिसत होती. एका बाजूला गुळगुळीत, दुसऱ्या बाजूला झिपऱ्या. अर्धी दाढी करून न्हाव्यानं दुकान बंद केल्यासारखी ती लॉन. नानांनी आमच्या घराकडं असं बघितलं की दोन दिवस आमचे हे मागच्या दारानं कारखान्यावर गेले.

पाहुणे उतरले. मुलाच्या वडिलांनी लॉन निरखून बघितली. "वा, ही काय नवीन डिझाईन?"

नाना छाती काढून म्हणाले, "व्हय. आमच्या रेजिमेंटची."

लग्न ठरलं. नंतर आम्ही सगळे सांगलीला त्यांच्या घरी गेलो, तर दारातली लॉन निम्मी कापलेली आणि निम्मी तशीच.

* * *

नानांचं लॉन कापणं हा बघण्यासारखा कार्यक्रम असतो. आधी दोरी लावतात. मग कडक उभं राहून मशीन सरळ रेषेत नेतात, टोकाला गेले की पाय आपटून वळतात. गवताचं एक पातं उरलं तरी परत त्याच ओळीनं जातात. त्यांच्या मिसेस, म्हणजे आमच्या काकू, पायरीवर बसून डाळ निवडत असतात.

एकदा मी म्हटलं, "काकू, नानांना किती शिस्त आहे हो."

काकू डाळीतून मान वर न काढता म्हणाल्या, "व्हय की. अंघोळीचा टॉवेल मातुर बत्तीस वर्षं बेडवरच पडतोय."

* * *

आता तात्यांचं सांगते. तात्या पलूसकडचे. जन्म उसात गेला. बायको वारली, मग एकदा विहिरीपाशी चक्कर येऊन पडले. दिवसभर कुणाला पत्ता नव्हता. तेव्हा प्रकाशनं बैल विकले, रान चुलत्याला कसायला दिलं आणि त्यांना इथं आणलं. डॉक्टरांनी सांगितलंय, एकटं ठेवायचं नाही. आणि तात्या दर चार दिवसांनी सांगायचे, "बेंदूर आला की मी गावाला. आन मग परत येणार न्हाई. हितं मला काय काम हाय?" बेंदूर म्हणजे आमच्याकडचा पोळा, बैलांचा सण.

वैशाली माझ्याकडं भुवया करायला आली होती. दोरा लावायच्या आधीच तिच्या डोळ्यांत पाणी. "वहिनी, मी काही कमी करते का हो? ते गेले आणि परत कुठं पडले तर?" मला फार वाईट वाटलं. या पोरीनं सासऱ्याला कधी गार चहा दिला नाही.

मग प्रकाशनं युक्ती काढली. म्हणाला, "तात्या, आपली लॉन तुम्ही बघा."

तात्यांनी बघितली. रोज पहाटे पाणी दिलं. गावाकडून युरिया मागवला आणि उसाला देतात तसा हात मोकळा सोडून दिला. नेमकी आमची सगळ्यांची लग्नसराईची धावपळ चालली होती, त्यामुळे त्यांच्या अंगणाकडं कुणाचं लक्ष नव्हतं. लग्नं उरकून बघतो तर प्रकाशच्या दारात पोटरीइतकं गवत, हिरवंकंच, वाऱ्यावर डुलतंय. आणि तात्या काठी टेकवून मधोमध उभे. आल्यापासून पहिल्यांदा हसताना दिसले.

"बघा," म्हणाले. "तुमची सगळ्यांची कशी खुरटल्यात."

मशीन घातलं तर हातभर जाऊन घुसमटलं. परत लावलं, परत बंद. कांबळे सरांनी घाम पुसला आणि शक्य तितक्या सभ्यपणे म्हणाले, "तात्या, लॉन वाढवायची नसते. वाढली की कापायची असते."

तात्यांनी विचारलं,

"मग लावता कशाला?"

कांबळे सर माहितीपुस्तक घेऊन घरात गेले.

* * *

शेवटी ते गवत तात्यांनी विळ्यानं कापलं, भारा बांधला आणि मागच्या गवळ्याच्या म्हशीला नेऊन टाकला. म्हशीनं खाल्लं. तिथून तात्यांच्या तोंडावरची कळा बदलली. कापलेलं गवत आम्ही कचऱ्याच्या गाडीत टाकायचो, ते त्यांनी बंद पाडलं. मशीनच्या मागं जो डबा असतो, तो भरला की तात्या पाटी घेऊन हजर.

मग त्यांनी पाळ्याही आपल्याकडं घेतल्या. सकाळी आमच्या गेटवर काठी वाजायची. "आवं, हाईत का घरात? पाळी हाय तुमची. म्हस वाट बघतीया."

आमचे हे पांघरुणातून म्हणाले, "माझ्या साहेबानं कधी मला असं उठवलं नाही."

हळूहळू मशीन तात्यांच्याच व्हरांड्यात राहायला लागलं. कधी कधी तेच चालवायचे. एका हातानं दांडा धरलेला आणि तोंडानं च्यक् च्यक् चाललेलं. वळणावर आले की "हां, हां, दमानं." मशीन वळलं की दांड्यावर थोपटायचे. आम्ही गॅलरीतून बघायचो, पण हसायचो आत जाऊन.

* * *

आणि मग ती गडबड झाली. कांबळे सरांनी एकदा सांगितलं होतं, "तात्या, काम झालं की बॅटरी गरम असते. गार झाल्याशिवाय चार्जिंगला लावायची नाही." तात्यांनी ते मनावर घेतलं. काम झालं की बॅटरीवर हात ठेवून बसायचे.

एके दुपारी ऊन कडक होतं. बॅटरी काही गार होईना. तात्यांनी बारदान भिजवलं, पिळलं आणि बॅटरीला गुंडाळून ठेवलं, वर आणखी तांब्याभर पाणी शिंपडलं. कांबळे सर कॉलेजातून येत होते. गेटातूनच ओरडले, "तात्याऽऽ!"

मी या माणसाचा आवाज चढलेला त्याआधी कधी ऐकला नव्हता.

सरांनी बॅटरी पुसली, उघडी करून वाळत ठेवली. दोन दिवस सगळी कॉलनी तिची तब्येत विचारायला जात होती. बॅटरी वाचली. सर लगेच तात्यांकडं जाऊन म्हणाले, "मी ओरडायला नको होतं." पण तात्यांना लागलं होतं. त्यांनी पाट्या आवरून ठेवल्या. काठी वाजवायला आले नाहीत.

"तुमचं बरोबर हाय, मास्तर," म्हणाले. "मला यातलं काय कळतंय? मी आपला गावाकडंच बरा. परवा बेंदूर हाय, जातो मी."

या वेळी त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. वैशालीनं रात्री मला फोन केला आणि नुसती रडली.

* * *

बेंदराच्या दिवशी सकाळी प्रकाशनं गाडी बाहेर काढली. तात्या नवं धोतर नेसून पुढच्या सीटवर बसले. मागच्या सीटवर बॅग आणि पुरणपोळ्यांचा डबा. वैशाली गेटला धरून उभी होती, आम्हीही सगळे निरोप द्यायला आलो होतो. काकूंनी नुसतं "जपून राहा" म्हटलं. प्रकाशनं गाडी सुरू केली.

दोन दिवसांच्या पावसानंतर उघडीप मिळाली होती आणि नानांची पाळी होती. नाना शिस्तीचे. निरोप देऊन झाल्यावर ते सरळ प्रकाशच्या व्हरांड्यात गेले आणि मशीन ओढत बाहेर घेऊन आले.

गाडीचं दार उघडलं. तात्या खाली उतरले.

"सुभेदार, कुठं चालवलंय ते?"

"लॉनला. पाळी हाय माझी."

"आज?"

"का? आज काय?"

"आज बेंदूर हाय," तात्या म्हणाले. "बेंदराला जुपतात व्हय रं? फौजेत गेला म्हणून इसरलास?"

नानांना इथं कुणी अरे-तुरे करत नाही. पण ते शेतकऱ्याचंच पोर, कसं विसरतील. तरी म्हणाले, "आवं तात्या, मशीन हाय ते."

"हाय की. वरीसभर चार घरची राबणूक त्यानं केली, का तू?"

नानांनी दांडा सोडला. तात्यांनी तो धरला, आणि च्यक् च्यक् करत मशीन परत व्हरांड्यात नेलं. कोरड्या फडक्यानं चाकं पुसली, पात्यातलं अडकलेलं गवत बोटानं काढलं. मग वैशालीकडं हात केला. "सूनबाई, वाईच हळदकुंकू आण."

कांबळे सर पुढं झाले. आम्हाला वाटलं आता बॅटरीत कुंकू जाणार म्हणून अडवतात की काय. ते खाली बसले, बॅटरी खाचेतून काढून बाजूला ठेवली आणि म्हणाले, "हां, आता लावा, तात्या." तात्यांनी दांड्याला हळदकुंकू लावलं. प्रकाशनं डब्यातली पोळी काढून आणून समोर ठेवली.

मग बराच वेळ झाला. प्रकाशनं घड्याळ बघितलं. "तात्या, निघायचं ना? गावात मिरवणूक निघंल."

तात्या मशीनशेजारी पायरीवर बसले होते. काठी आडवी मांडीवर घेतलेली. "मी उठलो की हा सुभेदार परत जुपंल त्याला."

नाना वैतागले. "अवं, मग माझी लॉन कवा व्हायची?"

"उद्या," तात्या म्हणाले. "उजाडल्या उजाडल्या मी स्वतः घेऊन येतो तुझ्या दारात."

वैशालीनं गाडीचं मागचं दार उघडलं आणि बॅग घरात नेली.