थांबलेली लाट

झेंडूच्या वासात सोल्डरच्या राळेचा वास मिसळला की मला हिंगण्याच्या कारखान्यातली ती खंडेनवमी आठवते. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा असूनही मी सोल्डरिंगच्या टेबलावर होते, कारण पोरींचा हात नाजूक असतो असं तिथं सगळेच मानत. पूजेसाठी यंत्रं पुसताना टेस्टिंगच्या साहेबांनी विजेची लाट पडद्यावर दाखवणाऱ्या नव्या ऑसिलोस्कोपचं झाकण उघडलं. ती लाट थांबवून ठेवायची सोय फक्त महागड्या मॉडेलमध्ये असते, असं विकणाऱ्यानं सांगितलं होतं. पण आत त्या सोयीचा भाग बसवलेलाच दिसला. मी वाकून म्हटलं, "साहेब, या एवढ्याशा वायरनं त्यांनी तो बंद ठेवलाय. कापू?" ते थोडे घुटमळले. "बिघडलं तं माही नोकरी जाईन," म्हणाले आणि कटर माझ्या हातात दिला. मी वायर कापली, झाकण लावून हळदकुंकू वाहिलं. पूजलेलं यंत्र दसरा होईपर्यंत सुरू करायचं नाही, ही कारखान्याची रीत. त्यामुळे सोनं वाटतानाही माझं चित्त त्या वायरीपाशीच होतं. कामावर परतल्यावर साहेबांनी बटण दाबलं आणि हिरवी लाट पडद्यावर थांबून राहिली. "हे तं पहिलेपासूनच होतं याच्यात! तुले कसं समजलं वं?" "डिप्लोमा झालाय माझा." "मंग सांगितलं काहून नाही?" "मुलाखतीत सांगितलं होतं, साहेब. तुम्ही माझे हात पाहत होता." त्याच आठवड्यात त्यांनी मला टेस्टिंगला घेतलं. आता मुलाखती मी घेते, आणि समोरच्या पोरीचं बोलणं संपेपर्यंत तिच्या तोंडाकडेच पाहते.