शिळं पाणी

आमच्या घरात रोज सकाळी पाणी ओतून दिलं जायचं. नळ आला की आधी कालचं शिळं बाहेर, मग ताजं आत. हंडा, कळशी, माठ, तांब्या, देवापुढचं पंचपात्र, सगळं विसळून उपडं. डोंबिवलीच्या ज्या चाळीत पाऊण तास पाणी यायचं आणि त्या पाऊण तासात बायका एकमेकींच्या सात पिढ्या उद्धरायच्या, तिथे हा आमचा थाट. मी आईला म्हणायचे, "अगं, कालही ह्याच नळाचं होतं ना? रात्रीत असं काय झालं त्याला?" तिचं उत्तर ठरलेलं. "शिळं ते शिळं."

हीच बाई शिळी पोळी कुस्करून, फोडणी घालून आनंदाने खायची. शिळ्या भाताचं तिला कधी वावडं नव्हतं. पाणी मात्र ताजंच. तिचं माहेर विहिरीवरचं. तिथे पहाटे शेंदलेलं पाणी आणि आदल्या दिवसाचं पाणी यांत खरंच फरक असणार. लग्न होऊन ती इकडे आली तेव्हा ही रीतही तिच्याबरोबर आली, आणि पाणी बदललंय हे त्या रीतीला कुणी सांगितलं नाही.

एकच पाणी शिळं होत नसे. देवघरात कोपऱ्यात गंगेचा गडू होता, तांब्याचा, तोंड कथलाचा डाक देऊन बंद केलेला. आईच्या मामांनी काशीहून आणलेला. माझ्या जन्माच्याही आधीचा. दिवाळीला चिंच लावून घासायचा आणि पुन्हा जागेवर ठेवायचा. मी चिडवायचे, "तो कधीचा शिळा झाला असेल." आई म्हणायची, "गंगा शिळी होत नाही, आणि तो तुझ्या चेष्टेसाठी ठेवलेला नाही." तो कशासाठी ठेवलेला होता, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. वडिलांच्या वेळी तो फोडायला सवड मिळाली नव्हती. ते ऑफिसातच गेले. तेव्हापासून घरात आई, ताई आणि मी. ताईचं लग्न झाल्यावर आम्ही दोघीच उरलो. मी ठाण्याला एका कचेरीत कारकून होते.

नव्वद साल उलटून गेलं होतं तेव्हाची गोष्ट. ताईला दिवस गेले. तिचं सासर साताऱ्याकडे, घरच्या विहिरीचं पाणी, गोठ्यात दूधदुभतं. भावोजी म्हणाले, बाळंतपण इथेच करू, शहरात कशाला हाल. आईने ऐकलं नाही. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं. मीही आईच्या बाजूने भांडले. पत्र मीच लिहिलं, चांगलं चार पानी, शहरातल्या डॉक्टरांची आणि सोयींची वर्णनं करून. पाण्याबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. सातव्या महिन्यात ताई आली.

आमच्या नळाचा पाइप चाळीमागच्या गटारातून आलेला होता. लोखंडी, गंजून चाळण झालेला. पलीकडच्या इमारतीने मोटर लावली की आमच्या नळातून नुसता सूं असा आवाज यायचा, आणि मग जे यायचं ते आधी पिवळं असायचं. पहिली बादली संडासाला, दुसरी धुण्याला, तिसरीपासून प्यायला, असा चाळीचा हिशोब. नळाच्या तोंडाला फडकं बांधलेलं. हंड्यात तुरटी फिरवायची. एवढं केलं की पाणी चांगलं झालं असं समजायचं. ऑफिसातली, दिवा स्टेशनजवळ राहणारी मैत्रीण म्हणायची, "तुमच्याकडे निदान घाण तरी येतं."

बाजारात निवटे आले की खाडीवरची एक कोळीण आमच्या दारावर यायची. ताईला डोहाळे माशांचेच लागलेले, म्हणून आई तिला रोज थांबवायची. एकदा टोपली उतरवताना तिने ताईकडे पाहिलं आणि आईला म्हणाली, "पोटुशी पोर हाय, पानी उकलून दे गो तिला. आमचे कोलीवाऱ्यान घराघरान कावील हाय." आईने निवटे घेतले आणि हो म्हणाली. संध्याकाळी मला कळल्यावर मी ताईला डॉक्टरकडे नेलं. त्यांनीही तेच सांगितलं. गरोदर बाईला ही कावीळ झाली तर ती साधी राहत नाही. पाणी उकळून द्या, नाहीतर सीलबंद बाटलीचं द्या.

उकळून पाहिलं. गॅसचा नंबर लागायचा होता, म्हणून सगळं स्टोव्हवर. त्या पाण्याला रॉकेलचा वास यायचा आणि ताईला तो वास आला की भडभडून उलटी व्हायची. चार दिवसांत ती पाणीच पिईनाशी झाली. तेव्हा मी ठरवलं, बाटली आणायची.

बाटलीचं पाणी तेव्हा मोठ्या हॉटेलात, साहेबलोकांच्या मीटिंगमध्ये, नाहीतर सिनेमातल्या लोकांच्या हातात. डोंबिवलीत मी विचारलं तर दुकानदार म्हणाला, "ताई, पाणी विकत?" आणि शेजारच्या गिऱ्हाइकाकडे पाहून हसला. ठाण्याला स्टेशनाबाहेर एका दुकानात मिळायचं. ऑफिसातून येताना रोज दोन बाटल्या घ्यायचे, खांद्याच्या पिशवीत घालायचे आणि खरं सांगते, मला त्याचा गर्व वाटायचा. चाळीतून जाताना बाटलीचं निळं बूच पिशवीबाहेर दिसेल असं मी पाहत असे. बायका म्हणायच्या, "महाराणींचं पाणी आलं गं." मला ते आवडायचं.

आई त्या बाटल्यांना अक्षरशः पाण्यात पाहायची. "कधी भरलंय, कोणी भरलंय, देव जाणे. महिनाभर कोंडलेलं पाणी ते. आणि त्या पोरीच्या पोटात जीव आहे." मी म्हटलं, "आई, तू अडाण्यासारखं बोलू नकोस." हे वाक्य मी तिला त्या महिन्यात पुष्कळदा बोलले. ती गप्प बसायची. मला वाटलं, जिंकले. आपली आई गप्प बसली की हरली, असं समजायचं माझं वय होतं.

आणि मी तिला नीट सांगितलंच नाही. जंतू असतात, ते डोळ्यांना दिसत नाहीत, फडक्यातून गाळले जात नाहीत, तुरटीने मरत नाहीत, हे मला येत होतं. ते बसून, शांतपणे, दहा मिनिटांत सांगता आलं असतं. मी एवढंच म्हणाले, "ताईला चांगलं पाणी हवं." आणि चांगलं पाणी म्हणजे ताजं पाणी, हे आईला जन्मभर माहीत होतं.

घरात मग असं ठरलं. बाटल्या ताईच्या उशाशी. त्यांना बाकी कुणी तोंड लावायचं नाही. सील ताई स्वतः फोडायची, संध्याकाळी, मी आल्यावर. तिला ते कट् करून तुटणं आवडायचं. झोपताना एक बाटली अर्धी व्हायची, दुसरीही उघडलेली असायची. सकाळी मी लवकर निघायचे. पाणी यायच्या गडबडीत माझा डबा, माझी आंघोळ, माझी साडी, एवढंच मला दिसायचं. ताई एकदा म्हणाली, "तुझं हे पाणी सकाळी कसं गार लागतं, नाही? रात्री नाही लागत इतकं." मी म्हटलं, रात्रभर राहून गार होत असेल. मला वाटतं, मी तेव्हा केस विंचरत होते.

दीड महिना ती तसं पाणी प्यायली. मग तिची भूक गेली. निवटे समोर आले तरी तोंड फिरवायला लागली. आई म्हणाली, दिवस भरत आले की होतं असं. एका सकाळी मी निघताना तिने मला "संभाळून जा" म्हणून हात केला आणि खिडकीच्या उजेडात मला तिचे डोळे दिसले. हळदीत बुडवून काढल्यासारखे. त्या दिवशी मी ऑफिसला गेले नाही.

ठाण्याच्या मोठ्या इस्पितळात तिला दाखल केलं. मला राहून राहून एकच कोडं पडलं होतं, की कावीळ झाली कशी. मी डॉक्टरांना सांगितलं, आम्ही तिला फक्त बाटलीचं पाणी देत होतो. माझ्या आवाजात तक्रार होती. त्यांनी खांदे उडवले. कशानेही होतं, म्हणाले. चूळ भरली असेल, ताट धुतलं असेल. मला ते पटलं नाही. मी दुकानदारावर संशय घेतला. खोटी सीलं लावतात म्हणे, तसं असेल. त्याला जाऊन चार शब्द सुनवायचे मी मनात ठरवूनही टाकलं.

तिसऱ्या दिवशी कपडे न्यायला मी घरी आले. पाण्याचीच वेळ होती. बाहेर बायकांचं तुंबळ चालू होतं. आई मोरीत उकिडवी बसली होती आणि सगळी भांडी विसळून झाली होती. मग तिने ताईच्या उशाची बाटली घेतली. ताई नव्हती म्हणून त्यात तीन दिवसांपूर्वीचं अर्धं पाणी तसंच राहिलं होतं. ते तिने दारातल्या तुळशीला घातलं. बाटली दोनदा खळबळली, फडक्याखाली धरून गळ्यापर्यंत भरली, निळं बूच घट्ट लावलं, पदराने बाहेरून पुसली आणि माझ्या हातात दिली.

"ने तिला," ती म्हणाली. "तिथलं कसलं असेल कुणास ठाऊक."

मी विचारलं, "तू रोज अशी भरायचीस?"

"मग काय? पोटुशीला शिळं पाजू? तू ओरडशील म्हणून बोलले नाही."

तिच्या चेहऱ्यावर थोडी भीती होती, मी आता पुन्हा अडाणी म्हणेन याची. मी बाटली घेतली, कपडे घेतले, कोपऱ्यावर आले आणि ती गटारात उपडी केली. ज्या गटारातून ते आलं होतं, त्यातच. मला रडू आलं नाही. राग आला, आणि तो कुणावर काढावा हे मला कळेना. आजही कळलेलं नाही. ठाण्याला उतरून त्याच दुकानातून नवी बाटली घेतली. दुकानदाराच्या नजरेला मला नजर देता आली नाही.

हे मी आईला कधी सांगितलं नाही. आई जाऊनही आता बरीच वर्षं झाली. ह्या सगळ्यानंतरही, ती होती तोवर, रोज सकाळी सगळं शिळं पाणी ओतून द्यायची आणि मी शेजारच्या खोलीत तो आवाज ऐकत पडायचे. कधीकधी सांगून टाकावं असं इतकं वाटायचं की मी दात आवळून धरायचे. ती मला माफ करेल म्हणून सांगायचं नव्हतं. तिने स्वतःच्या हाताने काय केलं ते तिला कळावं, एवढंच वाटायचं. मी इतकी वाईट आहे, हे मला त्या वर्षांत समजलं. सांगितलं नाही, यात माझा काही मोठेपणा नाही. धीर झाला नाही.

इस्पितळातला तो पाचवा दिवस. बाळ आदल्या दिवशी पोटातच गेलं होतं. ताई त्याआधीच बेशुद्ध झाली होती, तिला ते कळलं नाही. भावोजी भिंतीला टेकून उभे होते. माझ्याशी ते एक शब्द बोलले नाहीत, आणि माझं ते चार पानी पत्र त्यांच्याकडे असणार. दुपारी सिस्टर येऊन हळूच म्हणाली, काय घालायचं असेल ते तोंडात घाला.

आईने पिशवीतून गडू काढला. तो ती बरोबर घेऊन आली होती, म्हणजे तिला आधीच कळलं होतं. अडकित्त्याने तिने तोंडावरचा डाक उचकटला. बराच वेळ लागला. झाकण निघाल्यावर तिने गडू ताईच्या ओठांवर तिरका केला. काही आलं नाही. उपडा केला. आतून थोडी पांढरी पूड पडली. इतक्या वर्षांत कुठल्यातरी बारीक फटीतून गंगा उडून गेली होती.

आई गडूत बोट घालून पाहत राहिली. मग तिने इकडेतिकडे पाहिलं आणि कॉटशेजारच्या स्टुलावरची बाटली उचलली, मी आणलेली. तिला ती उघडेना. सीलबंद बाटली तिने आयुष्यात कधी उघडली नव्हती, तिच्या हाती ती नेहमी ताईने उघडलेलीच यायची. मी ती तिच्याकडून घेतली आणि सील फोडलं. कट् असा आवाज झाला. मी बाटली परत तिच्या हातात दिली. तिने तुळशीचं पान बुडवलं, आणि थांबली.

"शिळं नाही ना गं हे?" तिने मला विचारलं.

मी म्हटलं, "नाही आई. ताजं आहे."