वस्तूचे वर्णन : कपडे

"सुभेदार न्हाई. हवालदार," असं ते मला पहिल्याच भेटीत म्हणाले, आणि पुढची चार वर्षं महिन्यातून एकदा तरी म्हणत राहिले. गावात त्यांना सगळे सुभेदार म्हणायचे. पलटणीतून निवृत्त होऊन आलेल्या माणसाला एक पायरी वर चढवूनच हाक मारायची आमच्या भागात रीत आहे. शिपायाचा हवालदार होतो, हवालदाराचा सुभेदार. समोरचाही मिशीतल्या मिशीत हसून ती बढती पदरात पाडून घेतो. हे मात्र घ्यायचे नाहीत. "कागदावर हवालदार हाय. लिवलंय ते हाय, न्हाई लिवलं ते न्हाई," म्हणायचे.

मी तेव्हा इस्लामपुरात एका कुरिअर कंपनीच्या काउंटरवर बसायचे. कंपनीचं नाव सांगत नाही, सांगून आता कुणाचं भलं व्हायचं नाही. मागं एक खोली, पुढं काटा, टेपची रिळं आणि पावती छापायचं मशीन. इतरांनी सही कुठं करायची ते बोटानं दाखवलं की ते सही करून मोकळे व्हायचे. तुम्हीही तेच करत असाल. हे गृहस्थ पावतीच्या मागची बारीक अक्षरातली कलमं वाचायचे. हात लांब करून, चष्मा कपाळावर ढकलून, सतराच्या सतरा. मागं रांग तुंबायची. कुणी कुरकुर केली तर वळून म्हणायचे, "सही मी करनार हाय, तुमी न्हाई."

पलटणीत त्यांची सगळी नोकरी स्टोअरमध्ये गेली होती. बूट, ब्लँकेटं, मच्छरदाण्या. कोणती वस्तू कुणाला दिली, कधी परत आली, याची नोंद ठेवण्यात बावीस वर्षं गेलेली. ती सवय घरी आली. मुलीला पार्सल पाठवायचं म्हणजे ते आधी दोन प्रतींत यादी करायचे. एक प्रत खोक्यात सगळ्यात वर, एक स्वतःच्या खिशात. शेंगदाण्याची चटणी, डबा एक. हळद, पुडी एक. बेसनाचे लाडू, तेवीस नग.

"आप्पा, तेवीसच का?" मी एकदा विचारलं.

"चोवीस हुते. वाटंत एक खाल्ला. खोडून तेवीस केलं."

ही मुलगी एकुलती एक. कोरेगावकडच्या घरात दिलेली, पण नवरा फौजेत, त्यामुळं संसार आसामात. लग्नाला अकरा वर्षं होऊनही घरात पाळणा हलला नव्हता. आप्पा ते कधी बोलले नाहीत. पण मुलीच्या पार्सलात कुठल्या कुठल्या देवाचे अंगारे असायचे, आणि यादीत त्यांचीही नोंद असायची. अंगारा, पुडी एक.

मग एका श्रावणात ते आले ते मुळी हसतच. लेकीला सातवा लागला होता. डॉक्टरांनी हलायचं नाही म्हणून सांगितलेलं. इकडं काकींची, म्हणजे आप्पांच्या बायकोची, उजवी बाजू वर्षापूर्वी लुळी पडलेली. सांगलीच्या दवाखान्यातून आणल्यापासून त्या अंथरुणालाच होत्या. लेक येऊ शकत नाही, आई जाऊ शकत नाही, बाप आईला सोडून हलू शकत नाही. म्हणून माहेरची ओटी खोक्यातून चालली होती. हिरवी साडी, हिरव्या बांगड्या, नारळ, खण, आणि खणात काकींची बोरमाळ.

काकींच्या आईनं त्यांच्या ओटीला ती त्यांच्या गळ्यात घातली होती. लेकीच्या ओटीलाही तीच पडायला हवी, असा त्यांचा हट्ट. खणाची गाठ त्यांनी डाव्या हातानं आणि दातांनी मारली होती. आप्पांनी ती मला सोडून दाखवली. माळ तीन तोळ्यांची, जरा जास्तच. मी हातात घेतली. मणी झिजून गुळगुळीत झाले होते.

त्यांनी फॉर्मवर 'वस्तूचे वर्णन' या रकान्यात 'सोने' लिहायला पेन टेकवलं, आणि मी म्हणाले, "आप्पा, सोनं लिहू नका. आमच्याकडं हल्ली सोनं घेत नाहीत. कपडे लिहा."

"पर हाय तर सोनं."

"सगळे असंच करतात. कपडे लिहिलं की कुणाचं लक्ष जात नाही, उलट जास्त सुखरूप जातं."

ते बराच वेळ पेन धरून उभे राहिले. विमा उतरवून पाठवायच्या दुसऱ्या वाटा होत्या. त्या मी सांगितल्या नाहीत. मला त्या दिवशी त्यांची दया आली होती, की महिन्याची बुकिंगं कमी पडत होती म्हणून गिऱ्हाईक सोडवत नव्हतं, हे मला आजही नीट सांगता येत नाही. त्यांनी लिहिलं, 'कपडे.' अक्षर मोत्यासारखं. आतल्या यादीत मात्र खरं तेच होतं. बोरमाळ, एक नग.

आठव्या दिवशी पार्सल पोचलं. साडी होती, बांगड्या होत्या, नारळ होता. खण घडी मोडून तळाशी होता. माळ नव्हती. आणि यादी नव्हती.

आप्पा काउंटरवर आले तेव्हा मला वाटलं, आता हा माणूस आरडाओरडा करणार. ते म्हणाले, "वजन बघ." मी कॉम्प्युटरवर पाहिलं. प्रत्येक मोठ्या टप्प्यावर पार्सल काट्यावरून जातं आणि आकडा चढतो. आमच्याकडं एक किलो आठशे चाळीस. सांगलीत तेवढंच. त्याच्या पुढच्या शहरात तेवढंच. त्यानंतर एक किलो आठशे पाच. पस्तीस ग्रॅम कुठं उतरले ते पडद्यावर धडधडीत दिसत होतं. आप्पांचा चेहरा उजळला. "हाय की कागदावर!" असं म्हणून त्यांनी त्याची प्रत मागून घेतली. त्यांना वाटलं, काम झालं.

कंपनीचं उत्तर तीन आठवड्यांनी आलं. बुकिंगच्या वेळी कपडे अशी नोंद आहे, कपडे पोचले आहेत. वजनातला किरकोळ फरक नारळासारख्या वस्तूतला ओलावा प्रवासात कमी झाल्यानं पडू शकतो. तक्रार बंद करण्यात येत आहे.

तुम्ही आम्ही हा कागद फाडून टाकला असता. आप्पांनी गावातल्या किराणा दुकानातून एक नारळ विकत घेतला. त्याच दुकानाच्या काट्यावर सलग आठ दिवस, रोज सकाळी नऊला, त्याचं वजन केलं आणि रोज दुकानदाराची सही घेतली. आठ दिवसांत नारळ चार ग्रॅमनं उतरला. तो तक्ता आणि तो नारळ पिशवीत घालून ते सांगलीत विश्रामबागला, आमच्या विभागीय कचेरीत गेले.

पुढचं मला तिथल्या साहेबांनीच फोनवर सांगितलं, एक गंमत म्हणून. म्हातारबुवांनी नारळ टेबलावर ठेवला आणि म्हणाले, आता तुमी मोजा रोज. साहेब हसत सुटले होते. मग म्हणाले, "मी विचारलं, आजोबा, सोनं होतं तर कपडे लिहायला तुम्हाला कुणी सांगितलं? आमच्या माणसानं?"

मी समोरच्या पावत्यांचा गठ्ठा उगाचच सरळ करायला लागले.

"तर म्हणतात, कुणी न्हाई. अक्षर माझंच हाय."

"हो साहेब," म्हणून मी फोन ठेवला.

पोलिसांनीही पावतीच मागितली. कपडे लिहिलंय, कपडे मिळाले, चोरी कशाची? आप्पांच्या खिशातली यादी कुणी हातातसुद्धा घेतली नाही. स्वतःच लिहिलेली यादी, ती कधीही लिहिता येते. हे त्यांनाही पटत होतं, हेच वाईट होतं. स्टोअरमध्ये असते तर त्यांनीही घेतली नसती.

घरी काकींना त्यांनी माळ पोचली म्हणून सांगितलं होतं. ओटीच्या दिवशी लेकीनं फोनवर चेहरा दाखवला, गळ्याभोवती पदर गच्च घेऊन. "तिकडं गारठा हाय," असं आप्पांनी काकींना समजावलं. काकी अर्ध्या तोंडानं हसल्या आणि लेकीला दृष्ट लागू नये म्हणून डाव्या हातानं फोनवरूनच मीठमोहऱ्या ओवाळल्या. मार्गशीर्षात त्या गेल्या. निदान एका माणसाच्या लेखी ती माळ पोचली होती.

त्यानंतर महिनाभरानं आप्पा आले. दुपारची वेळ, काउंटरवर कुणी नव्हतं. त्यांनी खिशातून कोरा कागद काढून माझ्यापुढं ठेवला.

"पोरी, एक काम हुतं. लेकीचा फोन आलता."

"बरी आहे ना?"

"बरी हाय. म्हणाली, आप्पा, आईच्या दवाखान्याला माळ मोडली असंल तर मोडली. आईसाठीच मोडली न्हवं? मी कुणाला बोलनार न्हाई, रागावनार बी न्हाई. फकस्त मला खरं सांगा."

मी हातातली टेप खाली ठेवली.

"भांडली असती तर भांडलो असतो गं. तिनं माफच करून टाकलं."

ते कागदाची घडी हातानं सपाट करत राहिले. मग म्हणाले, "कंपनीला न्हाई दावत. पोलिसाला न्हाई. तू माळ बघितलीस आन् कपडे लिवा म्हणलीस, येवढंच दोन वळीत लिवून दे. लेकीला दावतो आन् तुझ्यापुढं फाडतो. न्हाईतर फोन लावतो, तोंडानं सांग."

माझ्या नवऱ्याचं दुकान त्याच वर्षी बंद पडलं होतं. दोन पोरांच्या फिया होत्या. खोटं वर्णन लिहायला सांगितलं असं माझ्या अक्षरात किंवा आवाजात बाहेर गेलं, तर मला दुसऱ्या दिवशी घरी बसावं लागलं असतं. हल्ली कागदाचा फोटो निघायला वेळ लागत नाही, आणि फोन सगळ्यांचेच रेकॉर्ड होतात. हे सगळं मी त्यांना सांगितलं. शहाण्यासारखं, मुद्देसूद सांगितलं. शेवटी म्हणाले, "आप्पा, माझी नोकरी जाईल."

त्यांनी कागदाची घडी घातली. "व्हय," म्हणाले. "नोकरी जायला नको." त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला आज बरं वाटलं असतं.

त्यानंतर ते काउंटरवर आले नाहीत. एकदा एसटी स्टँडवर दिसले, लांबून. मी नजर चुकवणार तेवढ्यात तेच जवळ आले. "नोकरी हाय न्हवं?" मी हो म्हणाले. "बरं झालं," म्हणाले आणि गाडीकडं गेले. मी तिथंच उभी राहिले. माझी गाडी निघून गेली ते मला कळलं नाही.

ज्या नोकरीसाठी मी त्या दोन ओळी लिहिल्या नाहीत, ती पुढच्या वर्षी गेली. कंपनीनं आमचं काउंटर बंद केलं, दोन ओळींचा मेसेज पाठवून. आता मला कुणाची भीती नव्हती. मी त्याच दिवशी उठून त्यांच्या गावाला जायला हवं होतं, एसटीनं अर्धा तास लागतो. मी गेले नाही. आज पाहुणे आहेत, उद्या ऊन आहे, परवा पोराची परीक्षा आहे. सात-आठ महिने मी रोज उद्यावर ढकलत होते. खरं तर मला त्यांच्यासमोर उभं राहायची लाज वाटत होती, आणि त्या लाजेला मी कामाची नावं देत होते. मग बाजारात कुणीतरी सहज म्हणालं, ते सुभेदार गेले, पंधरा दिवस झाले.

मी दुसऱ्या दिवशी गेले. लेक अजून माहेरीच होती, घर आवरत. मी पहिल्यांदाच तिला पाहत होते. हातात वर्तमानपत्रं, कडेवर झोपलेला मुलगा. मुलाला आत निजवून तिनं चहा टाकला. मी कुठल्या काउंटरवर होते ते सांगितलं आणि मग थांबायचं नाही असं ठरवून सगळं बोलून टाकलं. माळ खोक्यात होती. मी हातात घेऊन पाहिली होती. आप्पा सोनं लिहीत होते, कपडे लिहा असं मी सांगितलं. तुझ्यासाठी ते माझ्याकडं लिहून मागायला आले होते, मी दिलं नाही.

चहा उतू गेला तरी ती उठली नाही. मला वाटलं, आता शिव्या देईल. द्याव्यात असंही वाटलं.

"तुमी हातात घेतलेली?" तिनं विचारलं.

"घेतलेली. आईनं बांधलेल्या गाठीतून आप्पांनी माझ्यासमोर काढली."

तिनं आता उठून गॅस बंद केला.

"दोन वर्सं न्हाई न्हाईच म्हणत हुते," ती म्हणाली. "मी म्हणायची, आप्पा, बोला की, मन मोकळं करा. दवाखान्यात, जायच्या आदल्या दिवशी मी परत इचारलं. तवा माझ्याकडं लय येळ बघितलं आन् म्हणाले, व्हय बाई, मोडली मी. आन् मी त्यांचा हात धरून म्हणलं, बघा आप्पा, आता किती हलकं वाटलं."