मिशनच्या देवळाची गणेशपट्टी

मी पाळकाची बायको, बोरखडीच्या भाषेत पाळकीणबाई. नगरच्या शाळेत शिकलेली, तोंडानं फटकळ आणि कायम घाईत. हे सगळे गुण या गोष्टीत नडले, म्हणून आधीच सांगून टाकते.

आमच्या चर्चला बोरखडीत सगळे मिशनचं देऊळच म्हणतात. दगडी भिंती, वर पांढऱ्या मातीचं धाबं, आत सागवानी खांब. बांधणारे गवंडी आसपासचेच होते. त्यांना जे येत होतं तेच त्यांनी बांधलं. त्यामुळे क्रूस काढला तर कुणालाही ते पाटलाचं घर वाटेल. बहात्तर साली त्याच्या दारावरची लाकडी तुळई वाळवीनं पार पोखरली, आणि त्याच वर्षी देवळाला साठ वर्षं पुरी होणार म्हणून नगरहून मोठे पाळक खास उपासनेला यायचे होते.

दगडी दार करावं तर कानिफनाथ गवंड्यानंच. सहा गावांत त्याची चाळीस दारं उभी होती. पण दुष्काळात घर कोण बांधतंय? साठीचा तो माणूस राहुरीच्या रस्त्यावर दुष्काळी कामावर खडी फोडत बसलेला. मी जाऊन काम सांगितलं, तर हातोडा खाली ठेवून म्हणाला, "बरं झालं बाई, आलात. पोट कसंबी भरतंय, पन ह्यो हात खडी फोडून फोडून दार इसरला असता."

आमच्या आटलेल्या विहिरीतून काढलेल्या दगडांच्या ढिगात तो दोन दिवस नुसता टकटक करत हिंडला. दगडाला कान लावायचा आणि "ह्यो आजारी हाय" म्हणून पुढं जायचा. सिमेंटचं नाव काढलं की वैतागायचा. "शिमिट म्हंजी आगाऊ पाव्हना. आला की लगीच बसतो, मग उठाय तयार न्हाई. चुना कसा, घरच्यावानी, दमादमानं धरतो."

एक दिवस मी डोक्यावर दळण घेऊन चाललेली असताना त्यानं हाक मारली. "पाळकीनबाई, वर गनेशपट्टी करायची न्हवं?"

"करा की," मी न थांबताच म्हटलं. "आणि पाटलांच्या दारापेक्षा काडीभर कमी नको."

आता दारावरच्या आडव्या दगडाला मी लहानपणापासून गणेशपट्टीच म्हणत आले. रामफळ खाताना कुणाला राम आठवतो का?

उपासनेला बारा दिवस राहिले असताना त्यानं सगळ्यांना बोलावलं. दगड बसवून झाला होता, वर गोणपाट. चर्चचे पंच छगनराव पुढं, मंडळी मागं. कानिफभाऊंनी गोणपाट ओढलं. दोन्हीकडं वेलबुट्टी आणि मधोमध गणपती. सोंड वळवून, हातात मोदक घेऊन इतका खुशीत बसलेला, की मला आधी हसूच आलं. मग छगनरावांचं तोंड दिसलं.

"हे काय केलंस? कुणी सांगितलं तुला?" ते गरजले.

कानिफभाऊंनी एकदाच माझ्याकडं पाहिलं. पण ते खाली बघून म्हणाले, "कुनी न्हाई. माजाच हात चुकला."

"मग छन्नी घे आणि आत्ताच्या आत्ता खरवड ते. नाहीतर सहा गावांत सांगतो, कानिफाला दार येत नाही म्हणून."

"सांगा," कानिफभाऊ म्हणाले. "मला पुन्ना कुनी दार देनार न्हाई, खडी हायेच. पन ज्याला ह्या हातानं घडवलं, त्याच्यावर छन्नी न्हाई चालवायची माज्यानं."

छगनरावांनी पहार मागवली. एक घाव बसला असता तर दगड गेला असता आणि चाळीस दारांचं नावही. आणि मी, दर रविवारी बायकांना खरं बोला म्हणून शिकवणारी, तोंड शिवून उभी होते. लाज वाटली मला. अशी लाज आयुष्यात वाटली नाही.

"पहार ठेवा खाली, छगनराव. मी सांगितलं त्यांना," मी म्हटलं. "गणेशपट्टी करू का म्हणून त्यांनी विचारलं, मी करा म्हटलं. तुम्ही काय म्हणता त्या दगडाला?"

छगनरावांनी पहार खाली टेकवली. मागून आमचे पाळकसाहेब हळूच म्हणाले, "गणेशपट्टीच म्हणतात. कालच म्हणाले." मंडळींत कुणीतरी फिस्सकन हसलं.

चुना अजून ओला होता. आठ माणसांनी दगड अलगद उतरवला. कानिफभाऊंनी दहा दिवसांत दुसरा घडवला. मधल्या चौकोनात काय कोरायचं ते मंडळींचं शेवटपर्यंत ठरेना, म्हणून तो कोराच राहिला. उपासनेच्या दिवशी येणाऱ्याजाणाऱ्याला कानिफभाऊ स्वतःहून सांगत होते, "अर्धवट न्हाई ते. त्यांचं तसंच असतंय."

राहिला पहिला दगड. छगनरावांनी स्वतःची बैलगाडी जुंपली आणि तो कानिफभाऊंच्या घरी पोचवला. पुढच्याच आठवड्यात कानिफभाऊंनी तो आपल्या दारावर चढवला. मी माफी मागायला गेले तर छगनराव आधीच अंगणात उभे, आत जावं की नको या विचारात. दारात कानिफभाऊंची बायको, चांगुणाबाई.

"माफी कसली मागता, बाई," ती म्हणाली. "तीस वरसं ह्यांनी लोकांची दारं केली आन् आमी बाभळीच्या फळकुटाखालनं ये-जा केली. तुमी चुकला म्हनून माज्या दाराला दगूड आला." डोळे पुसून तिनं माझा हात धरला. "आता पयलं पाऊल तुमीच टाका आत. च्या ठिवलाय."

दार ठेंगणं होतं. मी वाकून आत गेले. माझ्या मागून छगनरावही वाकले.