इटालियन गाडीला पाण्याचे हूक

लातूरला पाण्याची बोंब होती त्या उन्हाळ्यात आमच्या गॅरेजच्या उस्तादांनी आपली इटालियन मोटारसायकल विकायला काढली. नांदेडच्या एका कंत्राटदाराच्या मुलानं आपटलेली ती त्यांनी घेऊन पुन्हा उभी केली होती. पण ही वाकून चालवायची गाडी, त्यांच्या कमरेला सोसेना.

मी कोकणातला, आठवीत शाळा सोडलेला. उस्तादांनी काम दिलं, वर माळ्यावर निजायला जागा दिली. ती सुटेल या धाकानं मी सगळ्यांना हो म्हणायचो, गल्लीतल्या बायकांनासुद्धा. त्यांच्यासाठीच गाडीच्या मागच्या सांगाड्याला दोन्हीकडं हूक वेल्ड केले, टँकरवरून कॅन आणायला. सायलेन्सरनं प्लास्टिक वितळू नये म्हणून मधे पत्राही लावला.

"इटलीवाले बघतील तर रडतील," उस्ताद म्हणाले. कॅन मात्र त्यांच्याही घरी जायचे.

गिऱ्हाईक यायच्या आदल्या दिवशी ते म्हणाले, "सकाळी ते हूक कापून टाक." सकाळी नेमका टँकर आला. समोरच्या मावशी म्हणाल्या, "एक खेप मार की रं, कोकण्या. तुझ्या गावाला पाऊस फुकट पडतो, तुला काय कळायचं."

मी तीच गाडी घेऊन गेलो. परत आलो तर गिऱ्हाईक, उदगीरचा एक पोरगा, दारात उभा, काळा चष्मा लावून, सोबत आई. माझे कॅन दोन्हीकडं हिंदकळत होते. उस्तादांनी माझ्याकडं बघितलं, मी जमिनीकडं.

पोरगा गाडीभोवती फिरला. "हे काय लटकवलंय? उदगिरात लोक हसतील मला."

"आत्ता कापतो," मी म्हणालो. आता माळा गेलाच, असं वाटत होतं.

त्याच्या आईनं एक कॅन काढला, परत अडकवला. मग हूक धरून अख्खी गाडी हलवून पाहिली. "कुणी बसवलं?"

उस्तादांनी माझ्याकडं बोट केलं.

"हात लावू नको रं बाळा. हाय तसं राहू दे."

"आई, रेसची गाडी हाय ती."

"हाव. मग पाणी बी लवकर आणशील."

उस्तादांना राहवलं नाही. "ताई, उदगीर जिल्हा व्हायलाय म्हणं. मग नळाला पाणी येईलच की."

"जिल्हा कवाचा व्हायलाय," बाई म्हणाल्या. "तवर हे बरंय."

सौदा झाला. पोरगा गाडी घेऊन गेला तो मान खाली घालून; ती तशीच चालवायची असते. धूळ बसल्यावर उस्तादांनी कोपऱ्यातली जुनी मोपेड ओढून माझ्यापुढं उभी केली.

"हिला बी लाव. उद्या मावशी विचारतील."