भाऊजींचा पाचवा विभाग

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्वदीर्घ मला चौथीपर्यंत जमलं नाही ते पुढेही जमलं नाही, तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्यावं. पण एक गोष्ट मी न चुकता लिहू शकते. आमच्या भाऊजींइतका खोटं बोलण्यात नालायक माणूस लालबागेत दुसरा झाला नाही. भाऊजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे धाकटे चुलतभाऊ. लग्न केलं नव्हतं, दोन वेळा माझ्या खानावळीत गिरणीवाल्यांच्या पंगतीत जेवायचे. सरकारी प्रयोगशाळेत नोकरीला होते. तिथे कोर्टाकडून मेलेल्या माणसांची आतडी, रक्ताचे कपडे, बंदुकीच्या गोळ्या असं सगळं तपासायला येई. त्यामुळे जेवताना त्यांच्या शेजारी कुणी बसत नसे. माशाचा काटा उजेडात धरून ते सांगायचे, "हा बांगडा काल दुपारी मेलेला आहे, वहिनी." मी म्हणायची, "भाऊजी, गिळा मुकाट्याने."

संयुक्त महाराष्ट्राच्या वेळी चाळीच्या भिंतीवर एका पहाटे डांबराने घोषणा उमटली. हवालदार चौकशीला आला. सगळी चाळ म्हणाली, आम्ही झोपलो होतो. भाऊजी मात्र भिंग घेऊन भिंतीला नाक लावून उभे, आणि म्हणतात, "लिहिणारा डावखुरा आहे. उंची पाच फूट चार इंच." चाळीत तेवढ्या उंचीचा डावखुरा एकच, माझा नवरा. हवालदार आमच्याच बाजूचा, देवगडचा निघाला म्हणून हसून गेला. नवरा आठ दिवस भाऊजींशी बोलला नाही.

त्यांच्या खात्यातल्या जाणत्या लोकांचं एक मंडळ होतं आणि ते मराठीत एक त्रैमासिक काढायचं. मराठी राज्य येणार, तर मराठीत शास्त्र नको का, म्हणून. पण त्यात विष, रक्त आणि एका डॉक्टरांच्या कविता असं सगळं एकाच टोपलीत असे. ते नीट लावायचं काम भाऊजींच्या गळ्यात पडलं. दुपारी पंगती उठल्या की ते माझ्या पाटांवर कागद मांडायचे. एका पाटावर विष, एकावर रक्त, एकावर जखमा, एकावर कागद आणि हस्ताक्षर. कवितांना पाट मिळाला नाही. मग त्यांनी नियम केला, की प्रत्येक लेख आधी मला वाचून दाखवायचा. मी भाकऱ्यांचं पीठ मळत ऐकायची. शेवटी ते विचारायचे, "सांगा वहिनी, हे किती खात्रीचं आहे?" मला सांगता आलं नाही तर लेख परत. एका मोठ्या डॉक्टरसाहेबांचा लेख त्यांनी "लालबागच्या खानावळीत कळला नाही" असं लिहून परत पाठवला. मी लाजेने दोन दिवस खाली पाण्याला गेले नाही.

पाचवा पाट त्यांनी मुद्दाम रिकामा ठेवला. त्या विभागाचं नाव 'आमच्या चुका'. तपासणाऱ्यांनी आपली चूक आपणच लिहून पाठवायची. दोन अंक निघाले, नावाखाली पान कोरं. सगळ्या खात्यात कुणाची चूकच झालेली नव्हती.

मग विषाच्या विभागासाठी ते नियम लिहायला बसले, की बरणीचा क्रमांक नोंदवलाच पाहिजे. नमुना म्हणून आपलीच जुनी वही उघडली. त्या दिवशी ते जेवले नाहीत. "वहिनी, एकाच दिवशी एकच बरणी दोनदा. पहिल्या तपासणीत सोमलाचं विष होतंच. धुतली की नाही, ते लिहिलेलं नाही." दुसरी तपासणी होती रे रोडच्या एका माणसाच्या आतड्यांची. सोमल सापडला म्हणून त्याच्या बायकोला शिक्षा झाली होती.

त्यांनी ते सगळं लिहून काढलं. मंडळाच्या अध्यक्षांनी समजावलं, "अहो, नोकरी जाईल तुमची. आणि जुने सगळे खटले उकरतील लोक." मंडळाने अंकाचे पैसे थांबवले. नवरा म्हणाला, "अरे, तुका कोणी विचारलंय काय? गप रव." पाटल्यांसाठी बाजूला ठेवलेले दोनशे रुपये मी काढून दिले. अंक निघाला, आणि महिन्याभरात भाऊजी घरी बसले.

ती बाई शिक्षा भोगून आली होती, लाकडाच्या वखारीत भुसा भरायची. भाऊजींनी मला बरोबर नेलं. त्यांच्याने वाचवेना, म्हणून अंकातलं ते पान मी अक्षर अक्षर लावत वाचलं. बाईने हातातलं पोतं खाली ठेवलं नाही.

"म्हंजी म्या दिलं न्हवतं, ह्ये तुमास्नी आत्ता कळलं?"

भाऊजी म्हणाले, "तसंही सांगता येत नाही, बाई. आम्हाला तेव्हा काहीच कळलं नव्हतं, एवढंच आता कळलंय."

"मला ठावं हुतं की. मला इचारायचं." "पुस्तक ठिवून जावा. भाऊ दारात हुभं करत न्हाई, त्याला दावते."

तिच्या भावाने काय म्हटलं ते आम्हाला कधी कळलं नाही. त्रैमासिक बंद पडलं. भाऊजी एका दुकानात बिलं लिहू लागले आणि माझ्याकडे जेवायचे बंद झाले. उधारीवर जेवणार नाही, म्हणाले. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी त्या दोनशांतले दहा रुपये फेडायला घेऊन यायचे, उंबऱ्याबाहेरच उभे राहायचे, माझी सही घ्यायचे. आत या म्हटलं तर म्हणायचे, "जेवून आलोय." त्यांचा सदरा खांद्यावर लोंबायला लागला होता. खोटं बोलायला ते तेवढं एक शिकले.

महाराष्ट्र झाला त्या दिवशी चाळीवर दिवे लावले होते. विसावी दहाची नोट त्यांनी त्याच दिवशी आणून दिली आणि कोकणात निघून गेले. दोनशे पुरे झाले, एक नवा पैसा बाकी राहिला नाही. थोडे राहायला हवे होते.